घराण्याचं वळण

राजनला मधुमेह झाला तेव्हापासून जयंतीने परदेशातल्या उइटहॉर्न गावातल्या घरात साखरेचा कणही येऊ दिला नव्हता. तरी त्याच्या दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी निघाल्या, आणि पुण्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर ठणकावू लागल्या, "तुझ्या हातचं खाऊनच झालं हे!"

आज जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या गाठींचा दोष जन्मतःच आईवडिलांकडून आलाय.

संध्याकाळी हे ऐकून सासूबाई उसळल्या, "आमच्या घराण्यात असलं काही नाही!"

राजन नेहमीसारखा चहाच्या कपात बघत बसला. जयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, याचं नाक तुमच्यावर गेलं, उंची बाबांवर, गणिताचं डोकं आजोबांवर. मग गाठीच तेवढ्या माझ्या पोळ्यांवर कशा गेल्या?"