डाव्या कोपऱ्यातला नागनाथ

नागनाथ गेल्याचं कळलं तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. सकाळी दाढी करत होतो. त्याच्या मुलाचा, संतोषचा फोन आला. ‘काका, आबा गेले,’ एवढंच तो म्हणाला, आणि मी फोन ठेवून आरशात बघत दोन-चार सणसणीत शिव्या हासडल्या. त्या नागनाथलाच होत्या. चाळीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते तो मागच्याच आठवड्यात बोलला होता, आणि त्यावर मला उत्तर द्यायचं होतं. नीट विचार करून, शब्द जुळवून द्यायचं होतं... हा माणूस तेवढाही थांबला नाही. मैदानावर असाच होता, समोरच्याला उभं राहायला सवड द्यायची नाही. त्याच्या मयतीला मी अर्ध्या दाढीनं गेलो. भूमच्या बाजारात अजून त्यावरून माझी फिरकी घेतात.

नागनाथ शिंदे हे नाव आज कुणाला माहीत असायचं कारण नाही. ऐंशीच्या दशकात आमचा जिल्हा उस्मानाबाद होता, तेव्हा ऊसपट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या कबड्डी संघात तो डावा कोपरा सांभाळायचा. मी भूमच्या संघाचा चढाईपटू होतो. आमचा संघ म्हणजे दुकानदारांची आणि मास्तरांची पोरं. त्यांचा संघ म्हणजे उसाच्या मोळ्या उचलून मानेपर्यंत खांदे आलेली माणसं. मातीचं मैदान, भोवती दोरी, दोरीला टेकलेलं सगळं गाव. भूमच्या मैदानावरच्या ज्या अंतिम सामन्याबद्दल मी लिहितोय त्यात पहिल्याच डावात आमच्या एकाचं नाक फुटलं आणि त्यांच्या एकाचा कान फाटला. रक्तावर माती टाकायची आणि पुढची चढाई, असा हिशोब होता. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

शेवटची चढाई माझी होती. गडी टिपून वळलो आणि नागनाथनं माझा घोटा धरला. मी त्याला ओढत मध्यरेषेकडे निघालो. तो पोटावर घासत येत होता, छातीची सालटी निघत होती, पण घोटा सोडत नव्हता. माझा दम शाबूत होता, कबड्डी कबड्डी चालू होतं. रेषा हातभर राहिली तेव्हा त्यानं घोटा सोडला, दोन्ही पायांत माझा गुडघा आवळला आणि सगळं अंग उलटं फिरवलं. हिला आमच्याकडे कैची म्हणतात. ओला ऊस मोडावा तसा आवाज झाला. मी किंचाळलो. किंचाळलो म्हणजे दम तुटला, आणि दम तुटला म्हणजे मी बाद. पंचानं तसा हात केला आणि कारखान्याचा संघ जिंकला.

पुढचं मी मातीत पडल्या पडल्या पाहिलं. माझ्या थोरल्या भावानं, सलीमनं, मंडपाची मेख उपटली आणि नागनाथच्या भुवईवर घातली. तो कोसळला तरी सलीम थांबेना. दगड सुरू झाले, पंच पळाले, कुणीतरी सायकलची चेन फिरवत आत शिरला. कारखान्याच्या पोरांनी नागनाथला ट्रॉलीत टाकून ट्रॅक्टर पिटाळला. आणि मला, खोटं कशाला सांगू, त्याच्या तोंडावरचं रक्त बघून बरं वाटलं होतं. आणखी दोन घाव बसायला हवे होते असंही वाटलं.

बार्शीच्या दवाखान्यात माझा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला असताना हा गडी दारात उभा. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून बंद. आई माझ्याजवळ बसली होती. ‘इने कायकू आया?’ असं मला विचारून ती बुरखा सावरत उठून गेली. नागनाथ स्टुलावर बसला. मला वाटलं, आता चुकलं म्हणेल. तो म्हणाला, ‘तुझ्या पायात लई ताकद हाय. दुसरा असता तर घोट्यावरच बसला असता.’ त्याच्या लेखी ती शाबासकी होती. मी उशाचा तांब्या उचलून त्याच्या छातीवर हाणला. त्यानं तो खाली वाकून उचलला, नळावरून भरून आणला, उशाशी ठेवला आणि गेला. पुढच्या रविवारी पुन्हा आला.

गुडघा वाकडाच जुळला. मी शाळेत इतिहासाचा मास्तर झालो, तो कारखान्यात राहिला, आणि आमची दोस्ती जमली. लोक विचारायचे, कादर मास्तर, ज्यानं पाय मोडला त्याच्याबरोबर चहा कसा पिता? मला कधी धड सांगता आलं नाही. एवढं खरं की त्याच्या तोंडून मला एकच वाक्य हवं होतं, ‘ते चुकलं.’ ते ऐकल्याशिवाय त्याला सोडायची माझी तयारी नव्हती. आणि तो म्हणायचा, ‘आमच्या काळात ते चालायचं.’ नियमाच्या पुस्तकात कैची तेव्हाही बाद होती. पण गावोगावच्या मातीवर पुस्तक कुणी उघडत नव्हतं, हेही खरं.

निवृत्तीनंतर तो संतोषकडे भूमला राहायला आला. तोवर टीव्हीवर कबड्डीची मोठी लीग सुरू झाली होती. बसस्टँडसमोर बालाजीचं हॉटेल आहे, तिथल्या टीव्हीखाली आम्ही रोज संध्याकाळी बसायचो आणि जुने संघ व नवे संघ एकमेकांशी झुंजवायचो. त्याचे मातीवरचे सात, माझे मॅटवरचे सात. दोघंही एकाच वेळी बोंबलायचो. गिऱ्हाईकं उठून जायला लागली तेव्हा बालाजीनं कायदा केला, की एकेकानं बोलायचं, तेही चढाईसारखं. एका दमात. मध्ये श्वास घेतला की मुद्दा बाद. आम्ही तो कायदा मानला. दोन म्हातारे छाती भरून घेतात आणि डोळे वटारून, लालबुंद होईस्तोवर एका श्वासात भांडतात, हे बघायला स्टँडवरचे कंडक्टर थांबू लागले.

त्याचा मुद्दा एकच असायचा, फक्त रोज नव्या त्वेषानं. आताच्या पोरांच्या गुडघ्याला टोपी, पायात बूट, खाली गादी, बाहेर डॉक्टर. चढाईला गेलेला अर्धं मिनिट रेषेवर नाचून परत येतो आणि लोक टाळ्या वाजवतात. आमच्यातला एकेक जण पुरं मिनिट दम धरून आत फिरायचा. ही पोरं आमच्या मातीवर आली तर मध्यंतरापर्यंत तीन जण खाटेवर जातील, उरलेले आईला हाका मारतील. मी म्हणायचो, तुमच्या सातांना कळायच्या आत हे पोरगं डोक्यावरून उडी मारून रेषेपार गेलेलं असेल. तुम्ही पोटाला भाकरी बांधून खेळलात, यांच्या खाण्यापिण्याला वेगळा माणूस आहे. तुमची ताकद ती तुमची भूक होती, तिला उगाच खेळ म्हणू नका. हे मी मुद्दाम लागेल असं बोलायचो आणि त्याला ते लागायचं.

माझी खरी अडचण वेगळीच होती. सगळी नोकरी मी पोरांना एक शिकवत आलो. जुन्या राजाला आजच्या कायद्यानं फाशी देऊ नका, त्याचा काळ आधी समजून घ्या, मग निवाडा करा. हीच फूटपट्टी कबड्डीला लावली की वाद मिटत होता. मातीवरचा खेळाडू मातीवर मोजायचा, मॅटवरचा मॅटवर. पण तेवढं कबूल केलं की नागनाथ सुटत होता... त्याची कैची त्याच्या काळाच्या खात्यावर जात होती आणि माझा गुडघा कुणाच्याच नाही. ते मला मान्य नव्हतं. म्हणून मी हट्टानं आजचे संघ जिंकवत राहिलो.

एकदा टीव्हीवर कैची लागली. एका उंच पोराचा गुडघा तसाच आवळला गेला, तो मॅटवर हात आपटत राहिला, शिट्टी झाली. पंचानं पकडणाऱ्याला कार्ड दाखवून दोन मिनिटं बाहेर बसवलं आणि उंच पोराला स्ट्रेचरवर घालून नेलं. मी म्हणालो, बघ, आजच्या काळात तू बाहेर बसला असतास. त्यानं टीव्हीवरची नजर न काढता तेच म्हटलं, ‘आमच्या काळात ते चालायचं.’ मला पुढचं नीट आठवत नाही. माझी काठी त्याच्या खांद्यावर बसली एवढं आठवतं. दुसऱ्यांदा उगारली तेव्हा तो बाकावरून खाली आला, कपबशा फुटल्या, आणि पासष्टीच्या त्या माणसानं माझा घोटा धरून मला फरशीवर आडवा केला. त्याचे दोन्ही पाय माझ्या गुडघ्याला आवळले. तोच गुडघा. मी त्याच्या पाठीवर काठीनं बडवत होतो, बालाजी त्याच्या मानेला धरून ओढत होता. नागनाथनं फक्त अंग फिरवायचं बाकी होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि पाय सोडले. उठला, शर्टावर सांडलेला चहा झटकला आणि चालता झाला. तो कित्येक दिवस आलाच नाही. मीही गेलो नाही. घरी बसून मनातल्या मनात त्याला रोज मारत होतो आणि संध्याकाळ झाली की जीव खालीवर होत होता.

मग संतोषकडून कळलं की आबांना धाप लागतेय. बिड्यांनी फुप्फुसं खाल्ली होती. सोलापूरला नेऊन आणलं, घरात ऑक्सिजनचं मशीन बसवलं. मी भेटायला गेलो तेव्हा कॉटवर कातडी पांघरलेली हाडं होती. तो खांदा, ज्याच्या जोरावर त्यानं मला फरशीवर आडवा केला होता, तो बनियनच्या पट्टीतून खाली घसरत होता. मला संताप आला. कुणाचा आला ते माहीत नाही. नागनाथची बायको, मंगलवहिनी म्हणाल्या, ‘भावजी, बोलाय लावू नका त्यास्नी.’ मी मान डोलावली. पण त्यानं स्वतःच नाकातली नळी ओढून काढली.

तो म्हणाला, आज तुझा-माझा सामना. तोच, भूमच्या मैदानावरचा. तुझा संघ तोच राहू दे, माझ्या संघात मात्र मी वाटेल त्या काळातला गडी घेणार. आणि एकेक नाव घेऊ लागला. दोन नावांच्या मध्ये तीन-तीनदा श्वास घ्यावा लागत होता. बालाजीच्या कायद्यानं तो कधीच बाद झाला होता. वहिनी नळी हातात धरून उभ्या होत्या, मी बोटांवर नावं मोजत राहिलो. सहा नावं जुनीच, मातीवरची, माझी पाठ असलेली. सातवं त्यानं टीव्हीवरच्या एका पोराचं घेतलं. या पोराला तो कायम ‘दुधातली साय’ म्हणून हिणवायचा. ते पोरगं त्यानं डाव्या कोपऱ्यात उभं केलं.

‘आन तू?’ मी विचारलं.

‘म्या भाईर.’

‘का?’

त्यानं श्वास गोळा केला. ‘म्या असलो की कैची बसती.’

मी म्हणालो, त्या पोराला माझा घोटा धरवायचा नाही. तुझा संघ हरेल.

‘हरू दी,’ तो म्हणाला. ‘तू चालत घरी जाशील.’

वहिनींनी नळी पुन्हा नाकात घातली. तो भिंतीकडे तोंड करून पडला. चाळीस वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं होतं आणि मला ते नको झालं होतं. ज्या संघापायी त्यानं सगळ्या जगाशी भांडण घेतलं, त्या संघातून त्यानं स्वतःलाच काढून टाकलं होतं. उद्या-परवा येतो म्हणून मी काठी टेकत निघालो. वाटेत थांबून एका दुकानाच्या पायरीवर बसलो आणि तिथं मात्र रडलो, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. उद्या-परवा करता करता आठवडा गेला. मी उत्तर तयार करत होतो. मग संतोषचा फोन आला.

आता त्याला जाऊन काही आठवडे झालेत. मी बालाजीकडे पुन्हा जायला लागलोय. टीव्ही चालू असतो, पोरं मॅटवर उड्या मारत असतात, आणि समोरच्या बाकावर कुणी बसत नाही. परवा बालाजीनंच विषय काढला. मास्तर, आज कुणाचा संघ घेता म्हणाला. मी छाती भरून घेतली. म्हणालो, भूमचं मैदान, माती, समोर कारखान्याचे सात, आणि एका दमात सातही नावं सांगितली. डाव्या कोपऱ्यात नागनाथ शिंदे, दुसरा कुणी मला चालणार नाही.

बालाजी हातातलं फडकं तसंच धरून माझ्या पायाकडे बघत राहिला. ‘मास्तर, त्यो पुन्ना कैची घालंल की.’

‘घालू दे,’ मी म्हणालो. ‘चढाई मीच करणार.’