उरलेला अर्धा अध्याय

खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत माझा देवावरचा विश्वास पार उडाला होता. यांना अर्धांगवायूचा झटका आल्याला दीड वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बँकेत पस्तीस वर्षं रुबाबात काढलेला माणूस काही हवं असलं की डाव्या हाताने चमच्याने पेला वाजवायचा. मी शाळामास्तरीण, तोंडाने फटकळ. रोज देवासमोर उभी राहून भांडायचे. पुण्याहून नणंदबाईंचा फोन आला, "वहिनी, भांडण पुरे. दत्तगुरूंच्या पोथीचं पारायण करा. सात दिवस. पण नेमाने हं!" मी म्हटलं, बरं बाई, तेही करून बघते. जन्म सगळा कलकत्त्यात गेला, पण पारायणाचे नेम आईने लहानपणीच मनात ठोकून बसवले होते. आसनावर बसलं की बोलायचं नाही, अध्याय पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही. मधे उठलं की केलेलं सगळं वाया.

बेहालातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर आमच्या समोरच्या खोलीत सॅम्युएल राहायचा. नायजेरियाहून फुटबॉल खेळायला आलेला. दोन वर्षं एका क्लबात खेळला, मग डावा गुडघा दुखावला आणि क्लबाने नारळ दिला. मग बजबज, गार्डन रीच, जिथे कुठे मोहल्ल्यातली स्पर्धा असेल तिथे पैसे घेऊन एका सामन्यापुरता खेळायचा. इकडे त्याला 'खेप' म्हणतात. इमारतीतल्या लोकांनी त्याला काढा म्हणून अर्ज केला होता, आणि सांगायला लाज वाटते, त्यावर माझीही सही होती. त्याला ते ठाऊक असूनही तो मला इकडच्यासारखं 'माशीमा', म्हणजे मावशी, म्हणायचा आणि संध्याकाळी यांच्याजवळ बसून टीव्हीवरची मॅच बघायचा. गोल झाला की हे पेला वाजवायचे आणि तो मोठ्याने हसायचा.

पारायणाचा पाचवा दिवस गुरुवार होता. आदल्या संध्याकाळी सॅम्युएल सांगून गेला होता, "माशीमा, उद्या गार्डन रीचला मॅच आहे. एका क्लबाचा माणूस मला बघायला येणार. त्याने घेतलं तर कागद मिळेल, व्हिसा वाढेल. नाही घेतलं तर घरी." मी म्हटलं, "गुडघ्याला पट्टी बांध घट्ट." एवढंच. सकाळी यांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं आणि देवघरात आसनावर बसले. कामवाली नुकतीच गेली होती, दार नुसतं लोटलेलं होतं.

अर्धा अध्याय झाला असेल, गॅलरीत काहीतरी धाडकन पडलं. वाटलं, पेला असेल, नेहमीच पडतो. मग घरघर ऐकू आली. मला कळलं होतं. अगदी पहिल्या क्षणी कळलं होतं. पण मी उठले नाही. उलट भराभर वाचायला लागले, म्हणजे अध्याय एकदाचा संपेल! तेवढ्यात दार ढकललं गेलं. खांद्याला पिशवी, गुडघ्याला पट्टी, सॅम्युएल मॅचला निघाला होता. "माशीमा! बाबा पडलेत! रक्त!" मी पोथीवरचं बोट काढलं नाही. दुसरा हात वर केला आणि त्याला खुणेने सांगितलं, थांब.

त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पिशवी तिथेच टाकली, यांना दोन्ही हातांवर उचललं आणि जिन्याकडे गेला. तेव्हा कुठे मी उठले. हे रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांवर, कपाळ गजावर फुटलेलं, रक्त थांबता थांबेना. मी पदर दाबून धरत मागोमाग धावत होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर त्याच्या गुडघ्यातून कट्ट आवाज आला. तो ओरडला, पण यांना सोडलं नाही. खाली बसला, यांना छातीशी धरलं आणि एकेक पायरी बसत बसत उतरला. ऑटोतही त्याने यांचं डोकं मांडीवर धरलं होतं.

हे वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. त्याच्या गुडघ्याच्या आतले बंध तुटले होते. क्लबाचा माणूस मैदानावर वाट बघून निघून गेला. पुढच्या महिन्यात सॅम्युएलची परत जायची तारीख ठरली. शस्त्रक्रिया करून घे, खर्च आम्ही करतो म्हणून मी हातापाया पडले. तो म्हणाला, "चालता येईल, माशीमा. खेळता येणार नाही. वय पण झालं." एकतीस वर्षांचा होता हो तो!

जायच्या आदल्या दिवशी त्याला जेवायला बोलावलं. तो गुरुवार होता, म्हणून घेवड्याची भाजी केली, वरणभात, शिरा केला. पाटावर त्याला बसवेना, पाय दुमडत नव्हता. खुर्ची दिली आणि पहिलं पान त्याला वाढलं. आमच्याकडे पहिलं पान दत्ताचं असतं. त्याने हात जोडून डोळे मिटले आणि त्याच्या भाषेत बराच वेळ प्रार्थना केली. त्यात मला फक्त यांचं नाव कळलं, दोनदा आलं. मी विचारलं, "स्वतःसाठी काय मागितलंस रे?" तो जरा गोंधळला. म्हणाला, "विसरलो, माशीमा. भूक लागली होती." मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

दत्त महाराज कोणत्या रूपाने दारी येतील सांगता येत नाही, हे मी पोथीत शंभरदा वाचलं असेल. ते आले तेव्हा मी त्यांना हाताने थांब म्हटलं, आणि तरी ते थांबले नाहीत. एवढी कृपा माझ्यावर का व्हावी, आणि तिची किंमत त्या पोराच्या पायाने का द्यावी, हे मला आजही कळत नाही. आता मी भांडतही नाही. त्याचा फोन येतो. तिकडे एका दुकानात बसतो, लंगडत चालतो, पहिला प्रश्न "बाबा कसे आहेत?"

त्या अध्यायाचा उरलेला भाग अजून वाचायचा राहिलाय. आज सकाळी दार सताड उघडं ठेवून पोथी काढली, चार ओव्या झाल्या असतील नसतील, गॅलरीत पेला वाजला. काही विशेष नव्हतं, यांना पाणी हवं होतं. मी पोथी मिटली आणि उठले.