वाटाण्याला बांगड्याचं पाणी

दार उघडल्याबरोबर बांगड्याचा वास आला, आणि तो स्वयंपाकघरातून येत नव्हता. मी चपलांसकट मागच्या खोलीत गेले. माझे वाटाणे दोऱ्या सोडून टबावर आडवे पडले होते. पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. झाकण उचललं तर पाणी गढूळ, वर तेलकट फेस, आणि फेसात माशाचा एक कल्ला गोल फिरत होता. पांढरीशुभ्र मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती. पाण्यात हवा सोडणारा छोटा पंप तेवढा इमानाने बुडबुडे काढत होता, त्यामुळे वास घरभर झाला होता.

मी लग्नाला पालीला गेले होते. किल्ली धाकट्या जावेकडे होती. ती शेजारीच राहते. दोघींचेही नवरे गेले, तेव्हापासून आम्हीच एकमेकींच्या राखणीला. हाक मारली तशी हात पुसत आली.

"टबात काय घातलंस?"

"बांगड्याचं पाणी. काल घातलं, आज परत घातलं. किती किरकोळ वाढलेत तुझे वाटाणे. नुसत्या पाण्यावर कोण जगतं गो?"

"त्या पाण्यात औषध असतं."

"औषध आजाऱ्याला. धडधाकट झाडाला खायला नको?"

तिला तरी काय बोलणार? आमच्याकडे मासे धुतलेलं पाणी मोरीत कोणी ओतत नाही. ते कढीलिंबाला, मिरचीला, शेवग्याला जातं. पण तिथे खाली माती असते, ती सगळं पचवते. माझ्या टबात मातीच नाही. झाकणाला भोकं, भोकांत जाळीचे पेले, पेल्यात नारळाच्या सोडणाचा भुसा आणि त्यात वाटाणा. मुळं खाली खताच्या पाण्यात लोंबतात. ही मांडणी नातीने करून दिली. ती दापोलीला शेती शिकते. गुडघे गेल्यापासून माझं परसात उतरणं बंद झालं, आणि नुसतं बसून राहणं मला जमत नाही. वाटाणा हा माझा हट्ट. कोकणात वाटाणा होत नाही, तो घाटावरून येतो, असं लहानपणापासून ऐकत आले. मागची खोली चिऱ्याची, ऊन न लागणारी, थंडीत चांगली गार राहते; उजेडाला नातीने टबावर दिवे टांगलेत. म्हटलं, बघू तरी कसा होत नाही.

नातीला फोन लावला. ती आधी पोट धरून हसली, मग कामाचं बोलली. "सगळं पाणी ओत. मुळं धू, कुजलेली कापून टाक. टब घासून घे आणि नवीन पाणी कर."

"जगतील?"

"काही जगतील. नाही जगली तर आता नवीन पेरू नको, फुलं यायच्या आत उन्हाळा येईल. पुढच्या थंडीत करू."

पुढची थंडी तिला सोपी आहे. माझ्या वयाला पुढच्या थंडीचा भरवसा धरून बसत नाहीत. मला याच झाडांचे वाटाणे खायचे होते.

मोरीत मी स्टुलावर आणि जाव पाटावर, अशा आम्ही दोघी बसलो. ती पाणी ओतायची, मी मुळं चोळायची आणि कात्रीने कापायची. "माझ्या पोरींचे केस मी एवढे धुतले नाहीत," ती म्हणाली.

"म्हणून उवा व्हायच्या त्यांना."

"तुझ्याच घरातून यायच्या त्या."

हसून हसून माझी कात्री थांबली. टबातलं घाण पाणी ती मला न विचारता बादलीने शेवग्याला घालून आली. "आता बोलू नको. त्याला माती आहे," म्हणाली.

मग रोज सकाळी ती खोलीत यायची आणि हात मागे बांधून उभी राहायची, आपण कशाला हात लावत नाही हे मला दिसावं म्हणून. काही झाडं वाळत गेली. ती मी उपटून टाकली. एका सकाळी तिनेच ओरडून बोलावलं. एका वेलाने नवा तंतू काढून दोरी धरली होती. नंतर आणखी तिघांनी धरली. पांढरी फुलं आली. खोलीत माशी येत नाही, फुलपाखरू येत नाही, तरी शेंगा धरल्या. वाटाण्याला त्यांची गरज लागत नाही, असं नात म्हणाली. चांगलं आहे.

पहिल्या शेंगा आम्ही शिजवल्याच नाहीत. पलंगावर बसून सोलल्या आणि कच्च्याच खाल्ल्या. जाव बराच वेळ चावत राहिली.

"गोड आहेत. एवढं पाणी घालूनही माशाचा वास नाही."

"म्हणजे अजून घालणार होतीस?"

"थोडंसं."

अकरा झाडं होती. सात मेली, चार जगली.