मंगळाचा बांध

माझी वैशाली वहिनी रोह्याची, एमएस्सी फिजिक्स. धरमतरच्या खाडीकाठच्या आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. लग्नात मिरवायला तिची पदवी बरी वाटली. नंतर तिचं काय करायचं ते कुणाला कळेना. दादा रोह्याला कंपनीत, शिफ्ट सोडून येणार कसा? उधाणात खाडीचा बांध फुटून खांड पडली की घरटी एक माणूस चिखल उचलायला लागतो, नाहीतर खारं पाणी भातशेतीत. बाबांचे गुडघे गेलेले आणि मी पक्की कामचुकार. वहिनीच जायची.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात तिनं पुण्याला संशोधनासाठी अर्ज केला. मुलाखतीच्या पत्रासाठी रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे. "जीव घुसमटतो गो माझा हितं," एकदा मला म्हणाली. मी भाजी निवडत राहिले.

तेवढ्यात पेपरात आलं, मंगळाच्या खडकांत जुन्या चुंबकत्वाच्या खुणा सापडल्या. हाच तिचा विषय. ती बाबांना समजावत बसली: सूर्याकडून सतत एक वारा सुटतो, तरुण सूर्याचा तर फारच जोराचा, आणि पृथ्वीचं चुंबकत्व तो बाहेरच थोपवतं. मंगळालाही पूर्वी असं चुंबकत्व होतं, तेव्हा तिथं दाट हवा होती, पाणी वाहायचं.

"म्हंजे बांधच की," बाबा म्हणाले. "मग खांड कुनी पाडली?"

"कुनी नाय, मामा. आतली आग थंड पडत गेली. मग चुंबक गेलं, आणि हवा थोडी थोडी करत उडून गेली."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी त्यांनी भाताच्या कणगीत हात घालून एक पाकीट काढलं आणि तिच्यापुढे धरलं. मुलाखतीची तारीख अकरा दिवसांपूर्वीच गेली होती.

"तू गेली असतीस तर बांधावर कोन व्हतं?" एवढंच म्हणाले आणि रडायला लागले.

वहिनीनं पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, तुला ठाऊक होतं का?

पोस्टमनकडून ते पाकीट मीच घेतलं होतं. ती गेली तर चिखलात उतरायची पाळी माझी, म्हणून बाबांच्या हातात मीच नेऊन दिलं होतं. बाबांनी माझं नाव घेतलं नाही.

"नाय, वहिनी," मी म्हणाले.

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तेव्हा कुठं ती रडली.