जपानकाकीचं कुंकू

जपानकाकीचा नवरा पन्नासेक वर्षं कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता, पण तिच्या कपाळावरचं कुंकू एक दिवस चुकलं नाही. मी लग्न होऊन मालवणजवळच्या या गावात आले तेव्हा तिने साठी ओलांडली होती. शेजारीच राहायची. हळदीकुंकवाला सर्वांआधी हजर, आणि ओटीतला नारळ लहान निघाला तर घरी येऊन मला ऐकवायची.

नवरा आगबोटीवर खलाशी. रशिया-जपानची लढाई पेटली तेव्हा त्याची बोट माल घेऊन जपानकडे निघाली होती. रशियनांनी ती वाटेत बुडवली. परतलेल्या खलाशांनी त्याला होडीत उतरताना पाहिलं होतं. पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. काकीचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं.

पुढे जपान जिंकल्यावर गावात साखर वाटली गेली. गोऱ्यांना लोळवता येतं, आता आपलीही पाळी, असं जो तो म्हणू लागला आणि तिला हे नाव चिकटलं. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी एकदा मोठ्या हौसेने तिला तो काळ सांगायला बोलावलं. काकी उभी राहिली. "गावान साखर वाटल्यान. माझो घोव खंय आसा, तां कोणी इचारूक नाय," एवढंच बोलून ती बसली. मास्तरांनी घाईघाईने विषय बदलला.

नवरा बेपत्ता झाल्याला बारा वर्षं उलटल्यावर सासरच्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म उरकायचं ठरवलं होतं. काकी दारात आडवी बसली. भटजी आल्या पावली परत गेले. तिच्या या हट्टाचं मला भारी कौतुक वाटे, थोडी भीतीही.

साठ सालानंतर तिला दम लागू लागला. एका सकाळी तिनेच मला भटजींना बोलवायला सांगितलं. मला खरंच वाटेना. आता कशाला, म्हणून विचारलं.

"मी गेल्यार तेका अग्नी कोण देतलो गो?"

बायकांनी स्मशानात जायचं नसतं, पण तिला अडवणार कोण? पुतण्याने पुतळ्याला अग्नी दिला. मी ढसाढसा रडत होते, ती जाळाकडे बघत होती. पानं जळून गेल्यावर तिने पदराने कपाळ पुसलं.

"इतकी वर्सां मी रडाक नाय," ती म्हणाली. "रडलंय आसतंय तर तो तेव्हाच मेलो आसतो."

आणि मग ती रडली, तरणी बाई विधवा झाल्यावर रडते तशी.