क्रोटनचा चीक

आज सकाळी बाल्कनीतला क्रोटन छाटताना चीक कुर्त्यावर पडला. हा डाग वाळून तपकिरी झाला की कशानेही निघत नाही. तो बघितला आणि ठाकुर्लीच्या जुन्या बिल्डिंगमधली एक दुपार आठवली.

आई गेल्यावर तिचा क्रोटन मी गच्चीवरून घरात आणलेला, ऊन लागू नये म्हणून. रोज पाणी घालायचे, एकेक पान ओल्या फडक्याने पुसायचे. तरी लाल-पिवळी पानं हिरवी पडत गेली, आणि झाड नुसतंच उंच, किडकिडीत झालं. एक दिवस शेजारच्या भोईरकाकू आल्या. त्यांनी झाडाकडे बघितलं, माझ्याच ओट्यावरची कात्री घेतली आणि सगळे शेंडे कापले. पांढरा चीक फरशीवर टपटपत राहिला. मला रडू फुटलं.

"अगो, उन्हाबिगर रंग कसा येल त्याला?" एवढंच म्हणून त्यांनी शेंडे पदरात बांधले आणि कुंडी कमरेवर घेऊन गच्ची गाठली. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही.

काही वर्षांनी बिल्डिंग पाडायला काढली, तेव्हा सामान हलवण्याच्या गडबडीत आईची कुंडी जिन्यावरून पडून झाड मुळापाशीच मोडलं. संध्याकाळी काकू तेलाचा एक डबा घेऊन आल्या. त्यात त्याच शेंड्यांतला एक होता, गुडघ्याएवढा वाढलेला, लाल-पिवळा.

माझ्या बाल्कनीत आहे तो हाच. त्या महिन्याभराच्या अबोल्याबद्दल काकूंनी कधी चकार शब्द काढला नाही.