लिहून देणारी जाऊ

या जगात अवघड असं काही नसतंच, फक्त ते कुणी नीट लिहून दिलेलं नसतं, असं ठामपणे मानणारी एकच बाई मी आजवर पाहिली आणि ती नेमकी माझी धाकटी जाऊ निघाली. माझ्या नशिबात साधी जाऊ कुठली असायला. लोकांच्या जावा भांडतात, अबोला धरतात, माहेरच्या बढाया मारतात. आमची जाऊ कागद चिकटवायची. खांदेश्वरच्या आमच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या वर कागद, गिझरशेजारी कागद, देव्हाऱ्याच्या दारावरसुद्धा कागद, आणि प्रत्येकावर पायऱ्या घातलेल्या, एक, दोन, तीन. देव्हाऱ्यावरच्या कागदातली चौथी पायरी अशी होती: 'निरांजन लावण्याआधी पंखा बंद असल्याची खात्री करा.' सासूबाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "चाळीस वर्सं पूजा करतीय मी, देवानं कधी कागद मागितला न्हाई." दुसऱ्या दिवसापासून पंखा मात्र आठवणीनं बंद करायला लागल्या.

हे खूळ तिच्यात शिरलं ते शिक्षणापायी. लग्न होऊन आली तेव्हा ती बारावी पास होती, माझ्यासारखीच. मी बारावीनंतर लाटणं हातात घेतलं ते घेतलंच. हिनं दोन वर्षं कळ काढली आणि एकदा जेवता जेवता जाहीर केलं की मी डिग्री करणार आहे आणि नोकरीही करणार आहे, एकाच वेळी. भाऊजींना आधीच ठाऊक असणार, कारण ते ताटातली भेंडी फार लक्ष देऊन बघत होते. अप्रेंटिस म्हणून आठवड्यातले पाच दिवस पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात काम, शनिवारी कॉलेज, तीन वर्षांनी पदवी. कारखान्यातलं कामच अभ्यास आणि तिथले साहेबच मास्तर. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे ही नोकरी का शाळा?" ती म्हणाली, "दोन्ही." "मग सून कधी?" तर ही शांतपणे म्हणाली, "रविवारी, आई." सासूबाईंना हसू आवरेना, आणि तिथंच परवानगी मिळाली.

परवानगी त्यांनी दिली, पोळ्या माझ्यावर आल्या. सकाळचा स्वयंपाक तिचा, संध्याकाळचा माझा, ही आमची वाटणी तीन आठवडेसुद्धा टिकली नाही. मी काही संतमाणूस नाही. मी भांडी आपटायचे, आमच्या ह्यांच्यापाशी कुरकुरायचे. हे दिवसभर मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर आरडाओरडा ऐकून आलेले असायचे, त्यांना माझी कुरकुर म्हणजे विश्रांतीच. पण खरं सांगायचं तर तिची यायची वेळ झाली की मी न सांगता चहा टाकायचे. ती ओट्याला टेकून दिवसभराचं सगळं सांगायची. कारखान्यात औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनायची आणि ती तपासायचं काम हिच्याकडे होतं. माणसाचं औषध गळू नये म्हणून इतकी माणसं दिवसभर राबतात हे मला काय माहीत. मी चिडलेली असायचे आणि तरी विचारायचे, "मग? पुढं काय झालं?"

रविवारी ती खरोखरच सून व्हायची. मला स्वयंपाकघरात पाय टाकू द्यायची नाही. पण तिला माझ्या हातची आमटी करायची असायची, आणि ती तर मी कुठं लिहून ठेवलेली नव्हती. "चवीपुरतं मीठ म्हणजे किती, ताई?" मी म्हटलं, चवीपुरतं म्हणजे चवीपुरतं. तिनं वजनकाटा काढला आणि मला पाच वेळा चिमटीनं मीठ टाकायला लावलं. पाचही वेळा काट्यावर तोच आकडा. ती माझ्या बोटांकडे बघतच राहिली. "ताई, तुम्ही मशीन आहात," असं म्हणाली, आणि तिच्या तोंडी याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्या आमटीवर ताव मारणारे पुष्कळ झाले, तिचं वजन कुणी केलं नव्हतं.

दिवाळीत तर तिनं कहर केला. पुठ्ठ्याला दोन गोल भोकं पाडली, एक मोठं, एक जरासं लहान. लाडू मोठ्यातून गेला पाहिजे आणि लहानातून जाता कामा नये; गेला तर नापास. एकसष्ट लाडवांपैकी नऊ नापास झाले, पैकी सात सासूबाईंचे. नापास लाडू वेगळ्या डब्यात, वर लाल चिठ्ठी. सासूबाई तणतणल्या, "माझ्या लाडवाला आजवर कुणी नाव ठिवलं न्हवतं." ही त्यांच्याजवळ बसून सांगायला लागली, "आई, चवीला नाही नाव ठेवलं, फक्त आकाराला." लाल चिठ्ठीचा डबा सगळ्यात आधी संपला आणि आपल्या सात नापास लाडवांपैकी चार एकट्या सासूबाईंनीच खाल्ले.

अशी तीन वर्षं गेली आणि शेवटची परीक्षा आली. कंपनी पुण्यापलीकडे नवा प्लांट काढत होती आणि तपासणीच्या कामावर तिथं एकच कायमची जागा होती. ही पास झाली तर ती जागा हिची. नापास झाली तर पुन्हा परीक्षा सहा महिन्यांनी, आणि जागा कुणी तेवढे दिवस अडवून ठेवणार नव्हतं. परीक्षाही अशी, की झाकण कसं तपासायचं ते हिनं कागदावर लिहायचं, आणि कारखान्यात कधी पाऊल न टाकलेल्या माणसानं तो कागद वाचून, हिला एक अक्षर न विचारता, झाकणं तपासून दाखवायची. माणूस चुकला तर लिहिणारी नापास. ती म्हणाली, "ताई, तुम्ही चला." मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं?" "काही कळत नाही, म्हणूनच." तिचा प्रामाणिकपणा तर असा की त्यानंतर पंधरा दिवस तिनं माझ्यापाशी कारखान्याचं नावसुद्धा काढलं नाही, न जाणो मला काही कळून बसेल. चहाच्या वेळी आम्ही दोघी मुक्यानं बिस्किटं बुडवत बसायचो. मला ते पंधरा दिवस खायला उठले.

परीक्षेला मी लग्नकार्यातली साडी नेसून गेले. तिथं वरून पांढरा कोट आणि डोक्याला टोपी घालायला लावली, साडी गेली कोटात. टेबलावर वीस झाकणं, दोन ट्रे, एक हिरवा, एक लाल, आणि एक लोखंडी तुकडा, एक टोक हिरवं, एक लाल. एका बाजूला कॉलेजकडून आलेले परीक्षक. काचेपलीकडे ही, हातात वही. कागदात आठ पायऱ्या होत्या. अक्षरं ठसठशीत, वाक्यं आखूड, अगदी कुकरवरच्या कागदासारखी. मी एकेक झाकण घेत गेले. सहावी पायरी अशी होती: 'तुकड्याचं लाल टोक झाकणावर नुसतं ठेवा. जोर लावू नका. आपल्या वजनानं आत गेलं तर झाकण खराब.' दोन खराब सापडली, लाल ट्रेमध्ये टाकली. मला मजाच यायला लागली होती.

सतराव्या झाकणावर टोक ठेवलं. आधी अडल्यासारखं झालं आणि मग हळूच, अगदी हळूच आत उतरलं. खराब होतं, शंकाच नको. पण माझा हात थांबला. हे हिरव्या ट्रेत टाकलं तर कुणाला काय कळणार आहे? बारावी पास बाई, चुकली, म्हणतील. ही नापास होईल, आणि सहा महिने, कदाचित वर्षही, माझ्या ओट्याला टेकून उभी राहील. असला विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू. मी काचेकडे पाहिलं. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. मी झाकण लाल ट्रेत टाकलं.

परीक्षकांनी लाल ट्रे मोजला, तीनची तीन बरोबर होती. "छान लिहिलंय," एवढंच ते तिला म्हणाले आणि सही केली. बाहेर आल्यावर मला वाटलं ही आता गळ्यात पडेल. ती वही उघडून म्हणाली, "ताई, सतराव्याला तुम्ही सहाव्या पायरीपाशी थांबलात. वाक्य कुठंतरी चुकलंय माझं." मग एकदम रडायला लागली, आणि मीही. पहारेकऱ्याला वाटलं, दोघी नापास झाल्या.

दोन महिन्यांत ती गेली. भाऊजींनी बदली मागून घेतली. आता घरात कुणाची वाट बघायची नसते, म्हणून मी चहा लवकर घेते. घर मोकळं झालंय असं येणारे-जाणारे म्हणतात. मला ते मोकळं काही आवडत नाही. तिचा फोन येतो, कधी नवीन माणसांना शिकवत असते, कधी नवा कागद लिहीत असते, आणि दर दोन-तीन फोनांआड विचारते, "ताई, ती सहावी पायरी मी चार तऱ्हांनी लिहून बघितली. इथं कुणीच अडखळत नाही. मग तुम्ही का थांबलात?" मी सांगते, "अगं, चष्मा सरकला होता." ती म्हणते, "बरं," आणि मला माहीत आहे, ते ती वहीत लिहून ठेवते.